दोन सेकंदांच्या चित्रामागची यंत्रं

बीबीसीच्या पहिल्या वाहिनीवर दोन कार्यक्रमांच्या मधल्या वेळात एक पृथ्वी फिरताना दिसे. ब्रिटनमधली एक अख्खी पिढी ती बघत मोठी झाली. ही पृथ्वी म्हणजे मोटरवर फिरणारा खराखुरा छोटा गोल होता. मागे वक्र आरसा, समोर कायमचा रोखून ठेवलेला कॅमेरा, आणि तो कॅमेराही कृष्णधवल. समुद्राचा आणि जमिनीचा रंग सिग्नलमध्ये नंतर मिसळला जाई, त्यामुळे रंगसंगती बदलायची झाली तरी गोलाला ब्रश लावावा लागत नसे. १८ फेब्रुवारी १९८५ रोजी या पृथ्वीची जागा संगणकानं घडवलेल्या पृथ्वीनं घेतली. प्रेक्षकांच्या लेखी तिचं रूप थोडं पालटलं, एवढंच. प्रक्षेपणाच्या खोलीत मात्र आरसा, मोटर आणि भिंगाची जागा गणितानं घेतली होती.

हे पुस्तक अशा यंत्रांविषयी आहे. दूरचित्रवाणीतल्या मालिकांवर, निवेदकांवर, निर्मात्यांवर आणि सरकारी धोरणांवर आपल्याकडे आणि बाहेरही पुष्कळ लिहिलं गेलं. पडद्यावर नाव उमटवणाऱ्या, नकाशा रंगवणाऱ्या, मतमोजणीचे आकडे पळवणाऱ्या यंत्रांवर फार कमी. चांगलं ग्राफिक दोन-तीन सेकंदांत आपलं काम करून निघून जातं आणि ते घडवणारं यंत्र काही वर्षांत भंगारात निघतं, हे त्याचं एक कारण. तरीही माझं ठाम मत आहे की यंत्र कुणाच्या हातात दिलं गेलं आणि ते घडवणाऱ्याच्या डोळ्यांपुढे कोणती लिपी होती, या दोन गोष्टींनी पडद्याचं रूप जितकं ठरवलं तितकं कुठल्याही शैलीनं किंवा फॅशननं ठरवलं नाही.

सुरुवात पुठ्ठ्यापासून होते. काळा पुठ्ठा, त्यावर पांढरी अक्षरं, स्टुडिओच्या कोपऱ्यात एक स्टँड आणि त्यावर रोखलेला कॅमेरा. पुठ्ठा काळा असण्याला कारण होतं. व्हिजन मिक्सरवर दोन कॅमेऱ्यांची चित्रं एकावर एक चढवली की काळ्या भागातून काहीच येत नाही, पांढरी अक्षरं तेवढी बोलणाऱ्या माणसाच्या चित्रावर उमटतात. पुठ्ठ्याच्या चारी कडांना मोकळी जागा सोडावी लागे, कारण घरोघरच्या संचांत चित्राच्या कडा काचेच्या चौकटीआड जात. श्रेयनामावली लांब असली तर ती कागदाच्या पट्ट्यावर उतरवून रुळावर गुंडाळत आणि तो रूळ एकसारख्या गतीनं फिरवत. १९६१ मध्ये लेट्रासेटची घासून उमटणारी अक्षरं बाजारात आली आणि छापील वळणाचं शीर्षक काही मिनिटांत जमवता येऊ लागलं. पण खरी टंचाई अक्षरांची नव्हतीच, कॅमेऱ्यांची होती. तीन-चार कॅमेऱ्यांच्या थेट कार्यक्रमात एक कॅमेरा केवळ नावं दाखवण्यासाठी अडकून पडे. त्या काळच्या कार्यक्रमांत पाहुण्याचं नाव एकदाच आणि ठरलेल्या जागीच का येतं, याचं उत्तर या अडकलेल्या कॅमेऱ्यात आहे.

मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झालं ते याच पुठ्ठ्याच्या आणि स्लाइडच्या जगात. 'व्यत्यय' हा शब्द मराठी घरांत इतका रुळला तो पडद्यावरच्या एका स्थिर पाटीमुळे. या युगाबद्दल एक गोष्ट आवर्जून नोंदवायला हवी. पुठ्ठ्यावर देवनागरीला कसलीही अडचण नव्हती. ज्याच्या हातात ब्रश आहे त्याला रफार, रुकार, जोडाक्षर सगळं सारखंच सोपं किंवा सारखंच अवघड असतं. देवनागरीची पंचाईत पुढे झाली, यंत्रं हुशार होऊ लागल्यावर.

पुठ्ठ्याचा आणि लाकडाचा जमाना कल्पकतेत कमी नव्हता. १९५९ च्या निवडणुकीत बीबीसीवर रॉबर्ट मॅकेन्झी एका मोठ्या रंगवलेल्या तबकडीवरचा काटा हातानं सरकवून मतांचा कल दाखवत होते, आणि 'स्विंगोमीटर' ही कल्पना पुढे प्रत्येक नव्या तंत्रात पुन्हा बांधली गेली. १९६३ मध्ये बर्नार्ड लॉज यांनी 'डॉक्टर हू' या मालिकेचं शीर्षकचित्र केलं त्यात संगणकाचा मागमूसही नव्हता. कॅमेरा त्याच्याच चित्राच्या मॉनिटरवर रोखला की चित्रात चित्र, त्यात पुन्हा चित्र असं होत वाफेसारखे आकार उसळू लागतात. तंत्रज्ञ एरवी हा दोष म्हणून टाळायचे, लॉज यांनी त्यातून शीर्षक काढलं. अमेरिकेत डेन्व्हरला ली हॅरिसन यांनी 'स्कॅनिमेट' नावाचा अ‍ॅनालॉग संगणक बांधला. त्यात अक्षर ताणणं, वळवणं, फेकणं हे सगळं व्होल्टेज बदलून होई. तारांच्या जोडण्या आणि घुंड्या यांनी भरलेलं ते यंत्र चालवणं म्हणजे वाद्य वाजवण्याजोगं होतं. काम झाल्यावर जोडण्या मोडल्या की तोच परिणाम हुबेहूब पुन्हा मिळणं दुरापास्त. १९७० च्या दशकातली चकाकत उडणारी अमेरिकी शीर्षकं बहुतांशी या यंत्रातून निघाली, आणि अशी यंत्रं जगभरात दहासुद्धा बनली नाहीत.

पुठ्ठ्याला खरा पर्याय दिला तो कॅरेक्टर जनरेटरनं, म्हणजे आपल्या स्टुडिओंच्या भाषेतल्या सीजीनं. १९६० च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेत सीबीएसच्या प्रयोगशाळेत 'व्हिडिफाँट' तयार झाला, पुढे न्यूयॉर्क राज्यातल्या 'कायरन' कंपनीनं ती बाजारपेठ व्यापली, तर ब्रिटनमध्ये 'अ‍ॅस्टन'नं. आपल्याकडच्या बातम्यांच्या वाहिन्यांत नावाच्या पट्टीला अजून 'अ‍ॅस्टन' म्हणतात. ज्यांनी ते यंत्र कधी पाहिलंही नाही, अशी मुलंमुलीसुद्धा 'अ‍ॅस्टन मार' असं सहज ओरडतात. सीजीनं कॅमेरा मोकळा केला. आता कीबोर्डवर नाव टाइप करायचं आणि एका बटणावर ते पडद्यावर आणायचं. चुकलं तर पुन्हा टाइप करायचं. बातमीत आधी तोंडी सांगावं लागणारं कितीतरी, ठिकाणाचं नाव, हुद्दा, धावसंख्या, हे सगळं आता अक्षरांत येऊ लागलं आणि निवेदकाची वाक्यं त्या मानानं मोकळी झाली.

सीजी समजून घ्यायचा तर त्यातून निघणाऱ्या दोन तारा समजून घ्याव्या लागतात. एकीला 'फिल' म्हणतात. तिच्यातून अक्षराचा रंग, सावली, मागची पट्टी असं सगळं देखणं चित्र येतं. दुसरीला 'की' म्हणतात, आणि तिच्यात फक्त पांढरं, काळं आणि मधल्या करड्या छटा असतात. मिक्सर 'की'कडे बघून ठरवतो: पांढरं आहे तिथे ग्राफिक दिसू दे, काळं आहे तिथे खालचं चित्र तसंच राहू दे, करडं आहे तिथे दोन्ही त्या प्रमाणात मिसळ. रांगोळीच्या छापाला जिथे भोकं असतात तिथूनच रांगोळी खाली पडते, तसं हे आहे. फरक इतकाच की या छापाची भोकं अर्धीमुर्धी उघडीही असू शकतात. सुरुवातीच्या सीजींना हा करडेपणा जमत नसे. भोक उघडं किंवा बंद, बस्स. म्हणून त्या काळच्या अक्षरांच्या तिरक्या रेषा जिन्याच्या पायऱ्यांसारख्या दिसतात. 'की'त करड्या छटा आल्या तेव्हा अक्षराच्या कडा मऊ झाल्या, काचेसारखी पारदर्शक पट्टी शक्य झाली. आज पडद्यावरच्या पट्ट्या कितीही झगमगोत, बहुतेक ठिकाणी अजूनही याच दोन तारा मिक्सरपर्यंत जातात.

सीजीला अक्षर येत होतं, चित्र येत नव्हतं. चित्रासाठी एक अख्खी फ्रेम स्मृतीत धरून ठेवणारं आणि ती दूरचित्रवाणीच्या वेगानं सतत वाचून दाखवणारं उपकरण हवं होतं. १९७३ मध्ये कॅलिफोर्नियात पालो आल्टो इथल्या झेरॉक्सच्या संशोधन केंद्रात रिचर्ड शाउप यांनी 'सुपरपेंट' चालू केलं. ६४० गुणिले ४८० ठिपके, प्रत्येक ठिपक्याला ८ बिट, म्हणजे एका वेळी २५६ रंग. हिशेब केला तर ही स्मृती ३,०७,२०० बाइट भरते. आज खिशातल्या फोननं काढलेला एक साधा फोटो याहून मोठा असतो. त्या वेळी एवढी स्मृती जमवणं हेच अर्धं संशोधन होतं. १९७८ मध्ये नासाच्या 'पायोनियर व्हीनस' मोहिमेची ग्राफिक्स याच यंत्रावर डेमन रॅरी यांनी केली. पण झेरॉक्सला या यंत्रात आपला धंदा दिसला नाही आणि शाउप तिथून बाहेर पडले.

इकडे इंग्लंडमध्ये न्यूबरी गावात 'क्वांटेल' ही कंपनी त्याच प्रश्नाकडे प्रक्षेपणाच्या बाजूनं येत होती. बाहेरून येणारा सिग्नल स्टुडिओच्या तालाशी जुळवायला तिनं एक फ्रेम साठवणारं यंत्र बनवलं, आणि साठवलेली फ्रेम लहान करून दुसऱ्या चित्राच्या कोपऱ्यातही बसवता येते हे लक्षात आलं. १९७६ च्या मॉन्ट्रियल ऑलिंपिकमध्ये चित्राच्या आत मशालीचं छोटं चित्र दिसलं ते या यंत्रातून. त्यानंतर पाच वर्षांनी, १९८१ मध्ये, क्वांटेलनं 'पेंटबॉक्स' आणला.

या यंत्रावर मी या प्रस्तावनेत जरा रेंगाळणार आहे, कारण माझ्या मते दूरचित्रवाणीच्या ग्राफिक्सचा इतिहास याच्या आधीचा आणि याच्या नंतरचा असा पडतो. कपाटाएवढ्या खोक्यात इलेक्ट्रॉनिक्स, किंमत अडीच लाख डॉलरांच्या आसपास, आणि वापरणाऱ्यासमोर मात्र फक्त एक टेबलासारखी पाटी, एक पेन आणि एक मॉनिटर. पेन दाबलं की रेघ जाड किंवा गडद होई, सैल सोडलं की विरळ. पेन पाटीच्या कडेबाहेर फटकारलं की पडद्यावर पर्याय उघडत, काम झालं की तसेच निघून जात. रंग निवडायचा तर पडद्यावरच एका कोपऱ्यात दोन रंग पेनानं एकमेकांत घोळवायचे आणि मनासारखी छटा मिळाली की ती उचलायची. चित्राचा कुठलाही भाग कापायचा, त्याला मऊ कड द्यायची, दुसऱ्या चित्रावर चिकटवायचा. आणि यातलं काहीही 'होतंय, थांबा' असं म्हणत नसे. रेघ ओढली त्याच क्षणी ती प्रक्षेपणाच्या पूर्ण दर्जात पडद्यावर असे. ६२५ ओळींच्या पद्धतीत डिजिटल चित्राला ७२० गुणिले ५७६ ठिपके लागतात, म्हणजे चार लाखांहून जास्त. तेव्हाचे सामान्य संगणक इतक्या ठिपक्यांशी झुंजताना मिनिटंच्या मिनिटं घेत. क्वांटेलनं त्यासाठी खास सर्किट बांधली, म्हणून ते खोकं एवढं मोठं आणि एवढं महाग होतं.

पेंटबॉक्सपूर्वी डिझायनर कागदावर आपलं चित्र काढून देई आणि यंत्रापाशी बसलेला तंत्रज्ञ ते जमेल तसं उतरवी. दोघांत भाषेचं अंतर होतं, आणि वेळ कमी पडला की निर्णय तंत्रज्ञाचा असे. पेंटबॉक्सनं डिझायनरला खुर्चीत बसवलं. कलाशाळेत शिकलेला, कीबोर्डला घाबरणारा माणूस पेन हातात घेऊन दुपारपर्यंत कामाला लागू शकत होता. सहाच्या बातम्यांसाठी पाच वाजता नकाशा मागितला तर तो देऊ शकत होता. बातमीच्या खोलीतली ग्राफिक्सची माणसं सजावट करणाऱ्यांतून पत्रकारांत आली ती इथपासून, असं मला वाटतं. नंतर १९८५ मध्ये क्वांटेलनं 'हॅरी' हे यंत्र पेंटबॉक्सला जोडलं. त्यात हलतं चित्र डिस्कवर साठवून फ्रेममागून फ्रेम रंगवता येई. साठवण जेमतेम ८० सेकंदांची, पण जाहिरातींना आणि शीर्षकांना तेवढी पुष्कळ होती. डायर स्ट्रेट्सच्या 'मनी फॉर नथिंग' या १९८५ च्या गाण्याच्या चित्रफितीत वादकांच्या अंगावर चमकणारे रंगीत फटकारे आहेत, ते पेंटबॉक्सच्या पेनाचे. १९८७ मध्ये बीबीसीनं 'पेंटिंग विथ लाइट' या मालिकेसाठी डेव्हिड हॉकनी, सिडनी नोलन, रिचर्ड हॅमिल्टन अशा चित्रकारांना या यंत्रापुढे बसवलं. हॉकनी चित्र काढता काढता बोलत राहतात आणि प्रेक्षकाला चित्र आतून घडताना दिसतं. आजच्या टॅबलेटवर चित्र काढणाऱ्या कुणालाही ते बघताना परकं वाटणार नाही.

पेंटबॉक्सची दुसरी बाजूही सांगायला हवी. क्वांटेलनं आपल्या पेटंटांच्या जोरावर १९९० मध्ये ब्रिटनमध्ये केंब्रिजच्या 'स्पेसवर्ड' या छोट्या कंपनीविरुद्ध खटला जिंकला. पुढे अमेरिकेत 'फोटोशॉप'वरून अडोबीवर खटला भरला. १९९७ मध्ये ज्यूरीनं क्वांटेलची पेटंटं अवैध ठरवली. त्या निकालात शाउप यांच्या सुपरपेंटचा आणि त्यावर काम केलेल्या अ‍ॅल्वी रे स्मिथ यांच्या साक्षीचा मोठा वाटा होता. पडद्यावर रंग कालवण्याची, मऊ कडेचा ब्रश चालवण्याची कल्पना आधी कुणाला सुचली याचा न्याय तिथे झाला, आणि तो योग्यच झाला. त्यामुळे पेंटबॉक्सचं मोठेपण कमी होत नाही. प्रयोगशाळेत चालणारी गोष्ट रोज संध्याकाळी न चुकता प्रक्षेपणात चालवून दाखवणं हे वेगळं कर्तृत्व आहे.

आता देवनागरीकडे येतो. या भागासाठी मला ही प्रस्तावना लिहावीशी वाटली.

रोमन लिपीसाठी घडवलेल्या सीजीचा हिशेब साधा होता: एक कळ, एक अक्षर, एक चौकट, डावीकडून उजवीकडे. देवनागरी या हिशेबात बसत नाही. 'कि' लिहायचं तर क आधी उच्चारला जातो पण वेलांटी त्याच्या आधी काढावी लागते, म्हणजे यंत्रानं उमटवलेलं अक्षर मागे सरकवायला हवं. 'लक्ष्मी'त तीन व्यंजनं एकत्र येऊन नवाच आकार घेतात. 'मूर्ती'त खाली उकार, वर रफार आणि वेलांटी. रोमनमध्ये मोठ्या लिपीतलं नाव पट्टीची पूर्ण उंची वापरतं. देवनागरीत तीच उंची तीन मजल्यांत वाटावी लागते आणि अक्षराच्या मुख्य अंगाला जेमतेम निम्मी उरते. इंग्रजीसाठी आखलेल्या पट्टीत मराठी नाव बारीक दिसतं ते यामुळे, आणि उंची वाढवली की डिझायनरला चेहरा झाकला जाण्याची भीती.

याहून सूक्ष्म अडचण शिरोरेषेची. जुन्या पद्धतीत सेकंदाला २५ चित्रं दाखवत, आणि प्रत्येक चित्र दोन हप्त्यांत: आधी एकाआड एक ओळी, मग उरलेल्या. जी आडवी रेघ एकाच ओळीएवढी बारीक असेल ती दोनपैकी एकाच हप्त्यात येते, म्हणून सेकंदाला २५ वेळा लुकलुकते आणि डोळ्याला ती थरथरताना दिसते. रोमन अक्षरांत आडव्या रेघा तुटक आणि आखूड, त्यामुळे थरथर निभावून जाते. आपल्याकडे नावाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत सलग आडवी रेघ. ती थरथरली की सगळं नावच थरथरतं. उपाय म्हणजे शिरोरेषा निदान दोन ओळी जाड ठेवायची आणि तिच्या कडा करड्या करायच्या. पण शिरोरेषा जाडावली की उभ्या दंडांशी तिचं नातं बिघडतं, मग दंडही जाड करा, मग अक्षरांतली पोकळी बुजते. छपाईसाठी सुंदर असलेला टंक पडद्यावर का टिकत नाही, हे ज्यानं एकदा जवळून पाहिलं त्याला टीव्हीसाठी अक्षर घडवणाऱ्यांबद्दल आदर वाटल्याशिवाय राहत नाही.

अक्षरांच्या क्रमाच्या कोड्याच्या उत्तराचा मोठा भाग महाराष्ट्रात सापडला. आयआयटी कानपूरला सुरू झालेलं भारतीय लिप्यांवरचं संशोधन मोहन तांबे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८८ मध्ये स्थापन झालेल्या पुण्याच्या सी-डॅकमध्ये 'जिस्ट' या नावानं पुढे नेलं. कल्पना अशी की यंत्रानं अक्षरांचे आकार साठवू नयेत, उच्चारांचा क्रम साठवावा. क, मग इकार. वेलांटी आधी काढायची हे दाखवणाऱ्या भागानं बघावं. १९९१ मध्ये हीच रीत 'इस्की' या भारतीय मानकात आली. संगणकात बसवायचं जिस्ट कार्ड त्याच विचारातून आलं, आणि उपशीर्षकांसाठी सी-डॅकनं 'लिप्स' ही प्रणाली केली. एका भारतीय भाषेतला संवाद दुसऱ्या लिपीत पडद्याखाली वाचता येणं ही आज किरकोळ गोष्ट वाटते. तिच्यामागे असलेलं हे काम दूरचित्रवाणीच्या इतिहासात पेंटबॉक्सच्या बरोबरीनं मोजलं जावं अशी माझी इच्छा आहे.

नंतरची कथा झपाट्यानं सांगता येते, कारण ती यंत्रांच्या विरघळून जाण्याची आहे. १९९० मध्ये 'अमिगा' या घरगुती संगणकात बसणारं 'व्हिडिओ टोस्टर' आलं आणि लाखो डॉलरांची कामं काही हजारांत होऊ लागली. सिलिकॉन ग्राफिक्सच्या संगणकांवर त्रिमिती चित्र थेट प्रक्षेपणात फिरवता येऊ लागलं, नॉर्वेतल्या बर्गनहून आलेल्या 'व्हिझआरटी'सारख्या प्रणालींनी मतमोजणीच्या आकड्यांना थेट चित्राशी जोडलं, आणि आता संगणकावरच्या खेळांसाठी बनलेली इंजिनं स्टुडिओच्या भिंती रंगवतात. खास खोक्याची गरज संपली. मराठी बातम्यांच्या वाहिन्या आल्या त्या या टप्प्यावर. एकाच वेळी तीन-चार पट्ट्या चालवणं त्यांना पहिल्या दिवसापासून शक्य होतं, आणि शक्य होतं म्हणून त्यांनी ते केलं. पडद्यावर किती लिहावं हा संपादकीय प्रश्न आहे आणि यंत्रानं तो आपल्यासाठी सोडवू नये, असं मला फार वाटतं.

पुढच्या प्रकरणांत वाचकाला आकृत्या, जोडण्या, मोजमापं भरपूर मिळतील. तंत्रज्ञ नसलेल्यांनी त्यांना बिचकू नये. 'की' आणि 'फिल' एवढ्या दोन गोष्टी लक्षात ठेवल्या तर बाकीचं वाचताना उलगडत जातं. सुपरपेंट आज कॅलिफोर्नियात माउंटन व्ह्यूच्या संगणक संग्रहालयात जतन केलेलं आहे. देवनागरीच्या यंत्रांनाही तशी एक जागा पुण्यात किंवा मुंबईत हवी. जुन्या सीजींचे टंक त्या त्या यंत्राच्या स्वतःच्या पद्धतीत फ्लॉपीवर साठवलेले असत. यंत्र गेलं की ती फ्लॉपी उघडत नाही, आणि तिच्यातली अक्षरंही कायमची जातात. ज्यांच्या कपाटात अशा फ्लॉपी, जिस्ट कार्ड, देवनागरी कळा छापलेले कीबोर्ड किंवा हातानं भरलेल्या टिपणवह्या पडून असतील, त्यांनी त्या रद्दीत घालू नयेत. त्या यंत्रांवर बसलेली माणसं अजून आपल्यात आहेत, आणि कुठली कळ का तशी होती हे ती सांगू शकतात.